पडीक दहा गुंठे: आधी मुळं ओळखा, मग जेसीबी बोलवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही हे उत्तर कशाचं आहे ते कळेल. औशाजवळ सासऱ्यांच्या वावरातला १० गुंठ्यांचा तुकडा सात-आठ वर्षं पडीक आहे. त्यात वेडी बाभूळ, गाजर गवत आणि हरळी माजली आहे, कोपऱ्यात एक मोठा लिंब, म्हणजे कडुलिंब आहे. तुम्ही लातूरला नोकरी करता, रानात यायला शनिवार-रविवारच मिळतो, शेतीचा अनुभव नाही, आणि येत्या पावसाळ्यात घरापुरता भाजीपाला काढायचा आहे. जेसीबीवाला म्हणतो एका दिवसात चकाचक करून देतो. औषधाच्या दुकानातला म्हणतो दोन फवारे मारा, विषय संपला. शिमगा तोंडावर आलाय, म्हणजे पाऊस पडायला तीन महिने आहेत.

माझं उत्तर असं: जेसीबी लावा, पण तास-दोन तासच. फवारा नको. आणि भाजी यंदा दोनच गुंठ्यांत.

तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. लातुरात एका गुंठ्याच्या प्लॉटवर लोक दुमजली घर उठवतात. तुमच्याकडे असे दहा प्लॉट आहेत, जवळपास ११ हजार चौरस फूट. ते एकदा साफ करणं पैशाचं काम आहे, कोणीही करून देईल. पण साफ झालेली काळी जमीन मृगाच्या पावसानंतर पंधरा दिवस जरी मोकळी राहिली तरी ती पुन्हा हिरवीगार होते, आणि या वेळी तण आधीपेक्षा दाट येतं, कारण नांगराने खालचं बी वर आणलेलं असतं आणि मुळांचे तुकडे सगळीकडे पसरवलेले असतात. शनिवार-रविवारच्या माणसाला पावसाळ्यात दोन गुंठ्यांची खुरपणी झेपते. उरलेल्या आठ गुंठ्यांचं काय करायचं ते खाली सांगतो. त्यांना मोकळं सोडायचं नाही, एवढं आत्ता लक्षात ठेवा.

आता पहिलं काम, आणि ते फुकट आहे. एक खुरपं, एक कुदळ घ्या आणि तुकड्यात पाच-सहा ठिकाणी तणाच्या बुडाशी फूटभर खणून बघा. वर काय दिसतं त्याला फारसा अर्थ नाही. खाली काय आहे त्यावर सगळं ठरतं.

गाजर गवत उपटलं की खाली बोटभर मूळ निघतं, बास. ते दिसायला भयंकर, पण मारायला सोपं. त्याची ताकद बियांत आहे, एकेक झाड हजारो बिया टाकतं. म्हणून फुलाआधी उपटणं हा एकच नियम. सध्या तुमच्याकडे वाळलेली खोडं उभी असतील, त्यांचं बी केव्हाच पडलेलं आहे. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. या गवताने हातावर खाज, पुरळ उठतं, काहींना दम लागतो, आणि एकदा त्रास सुरू झाला की दरवेळी वाढत जातो. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पांढरट रंगाचे, काळ्या रेघांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगे आहेत, या गवतासाठीच परदेशातून आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेले. ते दुसरं काही खायला जात नाहीत असं धरून चाला.

तरोटा असेल तर त्याच्यावर राग काढू नका. तोही बियांचाच धनी, पण पावसाच्या सुरुवातीला त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, आणि जिथे तो दाट येतो तिथे गाजर गवत मागे हटतं.

हरळी वेगळी. तिच्या पांढऱ्या, गाठीगाठींच्या कांड्या जमिनीत आडव्या धावतात आणि प्रत्येक गाठीला डोळा असतो. चार बोटांची कांडी तुटून राहिली तरी तिचं नवं बेट होतं. लव्हाळ्याचं तंत्र आणखी निराळं. पात उपटली की हातात येते, खाली काळी, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी गाठ राहते, तिला दोऱ्यासारख्या मुळाने दुसरी गाठ जोडलेली, तिला तिसरी. तुम्ही पात उपटता तेव्हा खालच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. लव्हाळा ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे त्याचा फुलाचा देठ दोन बोटांत धरून फिरवायचा, तीन धारा लागतात. गवताचा देठ गोल लागतो.

आणि कुंदा. औसा, निलंगा, अहमदपूर या काळ्या पट्ट्यात जुनी माणसं कुंद्याचं नाव काढलं की गप्प होतात. त्याची जाड, टोकदार मुळं भारी जमिनीत दोन-दोन फूट खाली जातात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कुंदा दिसत नाही, पण खणल्यावर सापडला तर तो भाग दोरी लावून वेगळा करा आणि यंदा तिथे भाजीचा विचारही करू नका.

हे सगळं का सांगतोय, तर आता रोटाव्हेटरचा मुद्दा येतो. ट्रॅक्टरवाला येईल आणि म्हणेल, मॅडम, दोनदा रोटा फिरवतो, माती कशी रव्यासारखी होते बघा. होते खरी. पण हरळी आणि लव्हाळा असलेल्या रानात रोटाव्हेटर म्हणजे तणाची लागवड. प्रत्येक कांडीचे दहा तुकडे होतात आणि ते सारख्या अंतरावर मातीत पेरले जातात. शिवाय वरचे चार-पाच इंच भुसभुशीत आणि त्याखाली घट्ट थर, पाणी तिथेच अडतं. पहिली दोन वर्षं रोटा तुमच्या धुऱ्यावरसुद्धा येऊ देऊ नका.

फवाऱ्याचंही ऐका. आंतरप्रवाही तणनाशक हिरव्या, जोमात वाढणाऱ्या पानातून आत शिरून मुळापर्यंत जातं. मार्च-एप्रिलच्या उन्हात तुमचं तण अर्धं वाळलेलं, पानं सुकलेली. औषध शिरणार कुठून? वरवर जळाल्यासारखं दिसेल आणि मृगात फूट येईल. ग्लायफोसेट या अशाच तणनाशकावर केंद्राने २०२२ मध्ये निर्बंधांची अधिसूचना काढलेली आहे, त्यामुळे घरच्या भाजीसाठी त्याच्या नादाला लागायचं कारणच नाही. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक तर नकोच. त्याची वाफ आणि तुषार वाऱ्याने शेजारी जातात. कापसावर गेली की पान पसरट न राहता भेंडीच्या पानासारखं बोटं फुटलेलं येतं. टोमॅटो, तूर, वेलवर्गीय पिकं, सगळी आकसतात. त्याच पंपाने नंतर भाजीवर साधी कीटकनाशकाची फवारणी केली तरी पंपात राहिलेल्या अंशाने नुकसान होतं. शेजाऱ्यांशी संबंध पहिल्याच वर्षी बिघडवून घ्यायचे असतील तर यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

मग जेसीबी कशाला? फक्त वेडी बाभळीच्या खोडांसाठी. ही बाभूळ जमिनीलगत तोडली की एकाच्या जागी आठ फांद्या येतात, कारण फुटीचे डोळे खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या गड्ड्यावर असतात. तो गड्डा जमिनीखाली निदान फूटभर खणून मुळासकट निघाला पाहिजे. मनगटापेक्षा बारीक झाडं माणसं कुदळीने आणि पहारीने काढतात, मांडीएवढी खोडं जेसीबीला द्या. आधी कोयता-कुऱ्हाडीने फांद्या उतरवून घ्या, कंबरेएवढं खोड ठेवा म्हणजे बकेटला धरायला जागा मिळते. ड्रायव्हरला सुरुवातीलाच सांगा: खोड उपटायचं, खड्डा बुजवायचा, बकेटने जमीन खरवडायची नाही, लेव्हल करायची नाही. तो ऐकणार नाही, म्हणून तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहा. खरवडलं की वरची चांगली माती गवतासकट बांधावर ढिगात जाते आणि खालची चुनखडीची पांढुरकी माती वर येते. त्या मातीत लोह पिकाला लागत नाही, भेंडी आणि गवार पिवळी पडत जाते, आणि मग तुम्ही वर्षभर दुकानातून बाटल्या आणत बसता.

हे काम मार्चमध्येच उरका. जमीन कोरडी असते, यंत्राच्या वजनाने दबत नाही. काटेरी फांद्या जाळू नका. बांधाच्या कडेने त्यांचं कुंपण घाला, रानडुकरं आणि रोही आपल्याकडे सगळीकडे झालेत. कुंपण घालण्याआधी फांद्यांवरच्या पिवळ्या शेंगा झोडपून काढा. त्या शेंगा शेळ्या आवडीने खातात, बी लेंडीतून न पचता बाहेर पडतं आणि जिथे पडेल तिथे उगवतं. याच कारणाने लेंडीखत घेताना ते वर्षभर कुजलेलं आहे ना, हे हाताने उकरून बघा.

लिंब राहू द्या. सावलीत भाजी येणार नाही, पण दुपारी तुम्हाला बसायला दुसरी जागा नाही. शिवाय तो उपयोगाचा सापळा आहे, खाली सांगतो. तुकड्यात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ यांपैकी काही असेल तर परवानगीशिवाय हात लावायचा नाही. महाराष्ट्रात त्याला १९६४ पासून कायदा आहे. तलाठ्याला विचारल्याशिवाय कुऱ्हाड नको.

थोडं जिवाचं. सात वर्षं कोणी न शिरलेल्या गवतात घोणस आणि नाग असणारच. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात लांब काठी, काम उजेडातच. काठीने आपटत पुढे जायचं, बांधापासून आत न जाता एका बाजूने कापत दुसऱ्या बाजूला जायचं, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. दगड उलटताना बोटं खाली घालू नका, पहारीने उलटा. लाल विंचू आपल्याकडे दगडाखालीच सापडतो. त्याच्या विषाचा हृदयावर परिणाम होतो आणि प्राझोसिन या गोळीने जीव वाचतो, हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातलेच. साप असो की विंचू, मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, आवळून बांधणं नाही, सरळ सरकारी दवाखाना. जवळचा कुठला आणि तिथे रात्री डॉक्टर असतो का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

आता नांगरट. खोडं निघाली की सहा गुंठे, फक्त सहा, पलटी नांगराने एप्रिलच्या सुरुवातीला नांगरून घ्या. चार गुंठे तसेच ठेवा. डोक्याएवढी ढेकळं निघतील, घाबरू नका, फोडूही नका. त्या ढेकळांतच हरळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी अडकलेल्या असतात, आणि आपलं ४०-४२ अंशांचं ऊन हेच तुमचं तणनाशक आहे. दोन-तीन आठवडे तापू द्या, मग आडवी नांगरट करून खालची बाजू वर आणा, पुन्हा तापवा. दोन्ही वेळा नांगरामागे दोन बाया लावून कांड्या वेचून घ्या. हा खर्च वाचवू नका. बाकी कुठेही वाचवा. वेचलेली हरळी बांधावर टाकली की वळवाच्या एका सरीत जिवंत होते. ती जुन्या पत्र्यावर कडक वाळवा, नाहीतर प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाण्यात महिनाभर बुडवून सडवा. तिथे मात्र ती मरते.

हाताने खणायची हौस असेल तर एप्रिलच्या कोरड्या काळ्या जमिनीवर ती दाखवू नका. कुदळ उडते, मनगट दुखतं, माती हलत नाही. भेगा पडलेली जमीन आधी पाणी देऊन भिजवायची आणि वाफशाची, म्हणजे माती चिकट नाही आणि कडकही नाही अशी होण्याची, वाट बघायची. वाफसा ओळखायला मूठभर माती दाबून गोळा करा आणि कंबरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर काम सुरू करा. तसाच चपटा बसला तर घरी जा. ओल्या काळ्या जमिनीत पाय घालणं किंवा आऊत घालणं म्हणजे हंगामभराची विटांची भट्टी लावणं. चप्पलला किलोभर चिखल चिकटला की समजा आज आपला दिवस नाही. पावसाळ्यात हीच शिस्त सगळ्यात जास्त मोडली जाते, कारण शनिवार आला म्हणून माणूस रानात जातो आणि पाऊस शुक्रवारी पडलेला असतो.

माती परीक्षण नांगरटीआधी करा. पाच-सहा जागी वीतभर खोल इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची पातळ चकती काढायची, सगळ्या एकत्र मिसळून अर्धा किलो ठेवायची. लिंबाखालची, बांधालगतची, जुन्या उकिरड्याची माती घेऊ नका. जिल्ह्यातल्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात देता येते. अहवालात सामू (पीएच) ८ च्या वर आणि सेंद्रिय कर्ब कमी दिसेल, हे मी न बघताही सांगतो, आपल्या भागात बहुतेकांचं तेच आहे. चुना आणून टाकायला कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका, तो सल्ला कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीचा आहे.

मे अखेर, रोहिणीच्या सुमारास, शेणखत. सहा गुंठ्यांना एक ट्रॉली पुरे. काळंभोर, वास नसलेलं, हातात भुगा होणारं. ओलं, गरम शेण टाकलं तर वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) दोन्ही येतात. आणि इथे लिंबाचा उपयोग. पहिल्या वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून लिंब, बाभूळ, बोरीवर पानं खायला आणि जोड्या जमवायला येतात. त्या आठवड्यात लिंबाखाली दिवा लावा, त्याखाली रॉकेल घातलेल्या पाण्याचं घमेलं ठेवा आणि फांद्या हलवा. एकेक मादी मरते म्हणजे मुळं कुरतडणाऱ्या कितीतरी अळ्या टळतात. शेजाऱ्यांनाही सोबत घ्या, एकट्याने केलं तर निम्माच फायदा.

मग मृग लागतो आणि इथे धीर ठेवायचा. पहिला चांगला पाऊस झाला की सगळे पेरायला धावतात. तुम्ही धावू नका. आठ-दहा दिवसांत तणाचा पहिला लोंढा उगवेल, पोपटी गालिचा. वाफसा आला की वखराची उथळ पाळी घालून तो मोडा. बैलाचं वखर मिळालं तर उत्तम, त्याची पास, म्हणजे आडवं पातं, दोन-तीन इंचावरूनच तण कापत जाते, खालचं बी वर येत नाही. पाऊस साथ देत असेल तर दुसरा लोंढाही असाच मोडा. त्यानंतर उगवणारं तण निम्म्यावर आलेलं असतं.

आता सहापैकी चार गुंठ्यांत ताग फेका, अडीच-तीन किलो बी पुरे होईल. दाट पाहिजे. ताग एवढ्या वेगाने वाढतो की खाली अंधार होतो, आणि हरळी असो की लव्हाळा, दोघांनाही सावली सोसत नाही. ४५-५० दिवसांनी, फुलावर येण्याच्या सुमारास तो मोडून वाफशावर गाडा. एकाच पिकाने खतही मिळालं आणि तणही दाबलं. ऑगस्टात पावसाचा खंड पडला तर गाडलेला ताग कुजायला ओल लागते, एक पाणी द्यावं लागेल. न नांगरलेल्या चार गुंठ्यांत दर तीन आठवड्यांनी कोयता किंवा ग्रास कटर फिरवत राहा. मुळं राहू द्या, पण फूल येऊ देऊ नका. कापलेलं कोवळं गवत भाजीच्या वाफ्यांवर आच्छादनाला येतं.

भाजीच्या दोन गुंठ्यांत सपाट वाफे करू नका, मुसळधार पावसात काळ्या जमिनीत पाणी तुंबून मुळं गुदमरतात. तीन फूट रुंद, वीतभर उंच गादीवाफे, मध्ये दीड फूट वाट, उताराला आडवे, आणि खालच्या बांधालगत पाणी निघायला एक चर. वाफ्यावर कधीच पाय ठेवायचा नाही, सगळं काम वाटेत बसून. लातूरकडे सोयाबीनचं भुसकट मिळतं, ते दोन-तीन इंच अंथरा. उसाचं पाचट मिळालं तर वाटेत टाका.

हत्यारं थोडकीच लागतात: दोन खुरपी, एक कुदळ, फावडं, दाताळं, कोयता. खुरपं लोहाराकडून घ्या आणि त्याच्याकडूनच पाजवून घेत जा. ऑनलाइन येणारं चकचकीत खुरपं आपल्या मातीत वाकतं.

पहिल्या वर्षी काय लावायचं, हे तुम्ही शेवटी विचारलंत. ज्यांचं रोप मोठं, पान रुंद आणि ओळीतून खुरपं फिरेल अशीच पिकं: भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, आणि एका बाजूला काशीफळ नाहीतर दोडका. चवळी आणि काशीफळाचे वेल जमीन झाकतात, तेवढी खुरपणी वाचते. टोमॅटो-वांग्याची रोपं चार-सहा लावा हौसेला, जास्त नको. मेथी-कोथिंबिरीचा फेकीव वाफा यंदा टाळा, तण आणि भाजी एकाच उंचीची आली की कोणत्याही बाईचा संयम सुटतो. गणपतीनंतर ताग गाडलेल्या चार गुंठ्यांत दोन पाळ्या देऊन दसऱ्याच्या आसपास हरभरा पेरा. येळवशीला (वेळ अमावस्येला) घरची माणसं रानात येतील तेव्हा हिरवा सोलाणा आपल्याच वावरातला असेल. न नांगरलेल्या चार गुंठ्यांना पुढच्या उन्हाळ्यात हात घाला, याच क्रमाने.

कांदा मात्र लव्हाळा दिसलेल्या कोपऱ्यात दोन वर्षं तरी लावू नका. कांद्याची पात आणि लव्हाळ्याची पात कोवळेपणी इतकी सारखी दिसते की खुरपणाऱ्या बाया लव्हाळा सोडून कांदाच उपटतात, आणि त्यांना बोलून उपयोग नसतो.